पोचपावतीपर्यंतचं संविधान

दिवाळी कोणत्याही तारखेला येवो, तिच्यामागोमाग 26 नोव्हेंबर येतोच. सुट्टी संपून शाळा भरतात आणि संविधान दिनाला शाळांतून, कचेऱ्यांतून उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं. 2025 च्या जानेवारीत संविधान लागू होऊन पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त वर्षभर व्याख्यानं झाली, प्रदर्शनं भरली, पुस्तकं निघाली. या सगळ्याचं मोल आहेच. पण उद्देशिका वाचून झाली, टाळ्या झाल्या, आणि जिच्या मुलाचं नाव रेशनकार्डावर चढतच नाही त्या बाईने सोमवारी सकाळी नेमकं कुठे जायचं, हे तिला कोणी सांगायचं? यंदाच्या अंकाचा विशेष विभाग या प्रश्नाभोवती उभा केला आहे. संपादकीयाची जागाही मी त्यालाच देते आहे.

गेली काही वर्षं मी आणि माझे काही सोबती रविवारी सकाळी गोवंडीच्या बैंगनवाडीत, बालवाडीच्या एका खोलीत संविधानाचा वर्ग घेतो. हा भाग मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. शहराचा कचरा 1927 सालापासून जिथे पडतो ते देवनारचं डम्पिंग ग्राउंड इथलंच. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या प्रभागांत हाच विभाग तळाला होता. दहा बाय पंधराच्या घरांच्या ओळी, त्यांच्यामधून जेमतेम दोन माणसं जातील एवढ्या गल्ल्या, घराघरांत जरीकाम, शिलाई, भंगार निवडणं. मराठवाड्यातून आलेली मातंग आणि बौद्ध कुटुंबं आहेत, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेली मुस्लिम कुटुंबं आहेत. वर्गाची भाषा अर्धी मराठी आणि अर्धी मुंबईची हिंदी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. संविधान या वस्तीत आम्ही नेलेलं नाही. ते तिथे होतंच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत होतं, भीमगीतांत होतं, भिंतीवरच्या बाबासाहेब आंबेडकरांच्या निळ्या कोटातल्या तसबिरीत होतं. 2019-20 च्या हिवाळ्यात, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनात, मुस्लिम मोहल्ल्यांतल्या बायकांनी उद्देशिका पाठ केली होती. संविधानाबद्दलची आस्था वस्तीला आमच्याकडून शिकावी लागली नाही. कमी होती ती वाट. कलमापासून कचेरीच्या खिडकीपर्यंतची.

ही वाट किती लांब असू शकते, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. शेजारचा चिता कॅम्प वसला तो 1976 साली, आणीबाणीत. भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडली आणि तिथली माणसं इकडे आणून टाकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात निकाल दिला होता, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल न्यायालयाने रीतसर मोडीत काढायला 2017 साल उजाडलं. वर्गात हा इतिहास सांगताना मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तेव्हा कुणाकडं जायचं तेच कळत नव्हतं बघा." अख्खा धडा त्यांनी एका वाक्यात सांगितला.

वर्गात आम्ही ओल्गा टेलिस खटला नेहमी शिकवतो, आणि दोन्ही बाजूंनी शिकवतो. 1981 च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवण्याची सरकारने घोषणा केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मान्य केलं, की एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. देशभरच्या पुस्तकांत हे वाक्य आहे. पण त्याच निकालाने फुटपाथवरची घरं हटवायला परवानगीही दिली, फक्त रीतसर नोटीस देऊन आणि पावसाळा गेल्यावर. तत्त्व जिंकलं आणि घर गेलं. हे लपवून शिकवलं तर पहिली नोटीस दारावर चिकटते त्या दिवशी लोकांचा संविधानावरचाही विश्वास उडतो आणि आमच्यावरचाही. म्हणून नोटिशीवरच बोलतो. तारीख काय, सही कुणाची, मुदत किती, उत्तर कुठे द्यायचं. त्या निकालाला 2025 साली चाळीस वर्षं झाली. आजही पाडकामाच्या वेळी माणसाच्या मदतीला सर्वांत आधी येतं ते नोटिशीला वेळेत दिलेलं लेखी उत्तर.

आता त्या रेशनकार्डाबद्दल. आमच्या वर्गात एक खाला येतात. धाकट्या मुलाचं नाव कार्डावर चढत नव्हतं. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, म्हणजे एक नाव नसणं ही दरमहा पाच किलोंची तूट. खाला सांगायच्या, "ऑफिसवाला बोलता है, ऊपर से नहीं आया." हे 'ऊपर' म्हणजे कोण, ते कुठे बसतं, तिथे अर्ज कसा जातो, इथून आमचा त्या दिवशीचा तास सुरू झाला. त्यांच्या नववीतल्या मुलीने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. प्रश्न असा होता: माझ्या भावाचं नाव का चढवलं नाही?

प्रश्न रास्त होता, पण अर्ज फुकट गेला असता. माहितीचा कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. मग सगळ्या वर्गाने मिळून प्रश्न फिरवून लिहिला. अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, फाइलवरच्या शेऱ्यांची प्रत मिळावी. आणि इथेच गाडी अडली, कारण 'अमुक तारीख' कुणालाच सांगता येईना. मूळ अर्जाची पोच घेतलेलीच नव्हती. कागद आत गेला होता आणि तो गेल्याचा पुरावा कुठेच नव्हता.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून. नवा अर्ज, त्याच्या दोन प्रती. खाला आणि त्यांच्या मुलीबरोबर आमच्यातले दोघे गेले. खिडकीवर "पोच देत नाही" हे उत्तर मिळालं. मुलीने शांतपणे सांगितलं, की 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अर्जाची पोच आणि सेवेची मुदत लेखी मिळायला हवी. आतून साहेबांना विचारून कुणी तरी आलं, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडला. निळी शाई, आवक क्रमांक, तारीख, खाली आडवी सही. खालांनी तो कागद दुमडला नाही. मुलीच्या शाळेच्या दाखल्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला. नाव चढायला पुढे बरेच दिवस लागले, पाठपुरावाही लागला. पण त्या कागदानंतर खिडकीवरच्या माणसाचा सूर बदलला, आणि खालांचाही. त्याच आठवड्यात शेजारच्या दोघीजणी आपापले अर्ज घेऊन त्यांच्याकडे आल्या. अन्नसुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमाने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरते, हे आता त्या गल्लीत आम्हाला सांगावं लागत नाही. खाला सांगतात.

पोलिसांनी उचललेल्या पोरांचा प्रश्न याहून कठीण. बाविसावं कलम सांगतं, की अटकेची कारणं सांगितली पाहिजेत, वकील मिळाला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. डी. के. बसू खटल्याच्या निकालाने 1996 साली अटकेची नोंद कशी करायची, नातेवाइकांना कसं कळवायचं, याचे नियमच घालून दिले. हे सगळं ऐकून एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "ताई, ठाण्यात कलम सांगितलं तर दोन जास्त पडतात." त्याला खोटा धीर देणं हा गुन्हा ठरला असता. अटक झालेल्या पोराच्या तोंडी कायदा घालून आपण मोकळं होऊ शकत नाही. कायदा बोलायला बाहेर कुणी तरी हवं. म्हणून तो तास आम्ही आयांसाठी घेऊ लागलो. मुलाला अटक केली आहे की नुसतं बोलावलं आहे, हे आधी विचारायचं. किती वाजता नेलं, कुणी नेलं, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव काय, ते वहीत लिहायचं. एकटीने जायचं नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक लावायचा. बायका, मुलं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. दारात चार बाया वही घेऊन उभ्या आहेत, एवढं दिसलं तरी आतल्या वागण्यात फरक पडतो, असा त्यांचा अनुभव आहे.

या वर्गातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे, आणि या अंकातून तीच सांगायची आहे. हक्क भाषणाने पोचत नाही. तो कुणी तरी बरोबर चालल्याने पोचतो. पाण्याचंच घ्या. अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी मिळालं पाहिजे, कारण ते जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, असा निकाल पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये दिला. महापालिकेचं सर्वांसाठी पाणी हे धोरण आलं 2022 साली. मधली वर्षं बायकांनी पाणी विकत घेऊन आणि माणसांनी अर्ज करून काढली. निकाल न्यायमूर्तींनी दिला, तो धोरणापर्यंत ओढत आणला अर्ज करणाऱ्यांनी, आणि नळापर्यंत आणण्याचं काम अजूनही गल्लीगल्लीत चालूच आहे.

त्यात आणखी एक अडचण आली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून 2026 च्या सुरुवातीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेलं 243-यू हे कलम सांगतं. साडेतीन वर्षं उलटली तरी शहराला नगरसेवक नव्हता. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जायचं ते दारच नव्हतं. अशा काळात गरिबाजवळ उरतो तो फक्त लेखी अर्ज. आणि लेखी अर्जाला लिहिणारा हात लागतो.

तो हात कुणाचा? वस्तीत एजंट आहेत. ते फॉर्म भरून देतात, पैसे घेतात, आणि पुढच्या कामालाही माणूस त्यांच्याकडेच यावा अशी व्यवस्था करतात. स्वयंसेवकानेही प्रत्येक अर्ज स्वतःच लिहिला तर तो बिनपैशांचा एजंट होतो, इतकंच. म्हणून आमच्या वर्गाचा नियम असा, की अर्ज ज्याचा, अक्षर त्याचं. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलीचं, सुनेचं. वेळ लागतो, खाडाखोड होते, पण पुढचा अर्ज आमच्याशिवाय जातो.

आता वाचकहो, तुमच्याकडे वळते. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून हा वाचनाचा उत्सव मराठी घरांत चालू आहे. आपल्या वाचकांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत, विमा कंपनीत, मंत्रालयात हयात घालवलेली माणसं आहेत, वकील आहेत. तुम्हाला वाटत असेल, की संविधान शिकवायला कायद्याची पदवी लागते. खटला चालवायला ती लागते. पण आवक-जावक म्हणजे काय, अर्जाचा विषय एका ओळीत कसा लिहावा, स्मरणपत्र कधी द्यावं, कोणत्या टेबलावरचा कागद पुढे कुठे जातो, हे तुम्ही तीस-पस्तीस वर्षं रोज केलं आहे. बैंगनवाडीत नेमकं हेच दुर्मीळ आहे. तुमच्या हाताशी असलेली ही जाण पेन्शनीबरोबर कपाटात बंद करून ठेवू नका.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1972 साली शहरातल्या शाळांत जाऊन व्यवहारातला कायदा शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे परंपरा त्याहून जुनी आहे. बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा वसतिगृह, वाचनालय आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारदरबारी नेणं ही कामं एकत्रच धरली होती. शिकवणं आणि दाद मागणं यांची फारकत त्यांनी केली नाही. आपणही करू नये. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ चालू राहिला तर विषमतेने पिडलेली माणसंच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. हा इशारा आजही तंतोतंत लागू आहे, आणि त्यावर आपल्यासारख्यांच्या हातात असलेला एक उपाय फार साधा आहे: रविवारची सकाळ.

या अंकाच्या विशेष विभागात वर्गातल्या बायकांनी स्वतः सांगितलेले अनुभव आहेत, ओल्गा टेलिस निकालाचा चाळीस वर्षांनंतरचा धांडोळा आहे, माहिती अधिकार कायद्याला ऑक्टोबर 2025 मध्ये वीस वर्षं झाली त्यानिमित्त अर्ज-अपिलाचं मार्गदर्शन आहे. शाळाप्रवेशासाठी अडवल्या जाणाऱ्या मुलांवरही एक लेख आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असताना काय घडतं, ते त्यात वाचायला मिळेल. कथा, कविता, व्यंगचित्रं नेहमीप्रमाणे आहेतच. 

तुमच्या जवळच्या वस्तीत असा वर्ग चालू असेल तर तिथे जा. नसेल तर दोघे-तिघे मिळून सुरू करा. एक खोली, एक सतरंजी, संविधानाची एक प्रत आणि कोरे कागद, एवढ्यावर तो चालतो. सुरू केलात तर मात्र वर्षभर टिकवा, कारण अर्जाचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि उत्तर आलं तेव्हा आपण तिथे असायला हवं.



— संपादक