हिशेब कोणी तपासायचा?

‘स्वतंत्र’ हे विशेषण संगीताच्या व्यवसायात इतक्या सैलपणे वापरले जाते की ते नेमके कोणाला लागू होते, हे विचारण्याची रीतच उरलेली नाही. एखादी छोटी कंपनी गायक हेरते, त्याचे कार्यक्रम ठरवते, त्याच्या वतीने व्यवहार करते आणि त्याची ध्वनिमुद्रणेही आपल्याच नाममुद्रेखाली बाजारात आणते. तिचे कौतुक करताना आपले संगीतसमीक्षक हमखास ‘कुटुंब’ हा शब्द योजतात. बड्या कंपन्यांपासून अशी कंपनी स्वतंत्र असते, यात वाद नाही. परंतु कलावंत त्या कंपनीपासून स्वतंत्र असतो का, हा निराळा प्रश्न आहे, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्यालाही चालवून घेणे ही वैचारिक लबाडी आहे.

व्यवस्थापकाचे मुख्य काम काय? ध्वनिमुद्रण कंपनीसमोर कलावंताची बाजू मांडणे, मानधनासाठी भांडणे, विक्रीचा हिशेब मागणे. आता व्यवस्थापक आणि कंपनी एकच असतील, तर हे भांडण कोणी कोणाशी करायचे? वकिलाने दोन्ही पक्षांचे वकीलपत्र घेतलेले आपण खपवून घेत नाही. संगीतात मात्र त्यालाच आपुलकी म्हणतो.

या प्रकारच्या रचनेचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मोटाउन. बेरी गॉर्डी यांनी 1959 साली डेट्रॉइटमध्ये, घरच्या मंडळींच्या सामाईक निधीतून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन ती उभी केली. गाणी प्रसिद्ध होत ती मोटाउनच्या नाममुद्रांखाली; गीतांचे प्रकाशनहक्क गॉर्डींच्या मुलांच्या नावांतील अक्षरे जुळवून नाव ठेवलेल्या ‘जोबेट’कडे जात; आणि कलावंतांचे व्यवस्थापन पाही ‘इंटरनॅशनल टॅलेंट मॅनेजमेंट’ ही गॉर्डींचीच संस्था, जिची धुरा त्यांच्या भगिनी एस्थर यांच्याकडे होती. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबासारखाच हा कारभार होता. कर्ता सर्वांना जेवू घालतो, लग्नकार्ये पार पाडतो, आणि वही मात्र कोणाला दाखवत नाही.

मोटाउनचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. वर्णद्वेषाने ग्रासलेल्या त्या काळच्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय माणसाने स्वतःच्या मालकीची कंपनी उभारावी, डेट्रॉइटच्या सामान्य घरांतल्या मुलामुलींना नृत्याचे आणि रंगमंचावर वावरण्याचे शिक्षण द्यावे, आणि त्यांचे संगीत गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत पोचवावे, हे काम मोठेच होते. पण उपकार मोठे असले म्हणून हिशेब विचारायचा नाही, हा न्याय कुठला?

ज्यांनी विचारला त्यांचे काय झाले ते पाहावे. मोटाउनच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांचे कर्ते हॉलंड, डोझियर आणि हॉलंड हे त्रिकूट पैशाच्या वादातून बाहेर पडले, आणि 1968 साली प्रकरण दावे-प्रतिदाव्यांवर गेले. जॅक्सन बंधूंनी 1975 मध्ये दुसऱ्या कंपनीची वाट धरली, तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव त्यांना बरोबर नेता आले नाही. आडनाव बापाचे, पाच जण सख्खे भाऊ, तरी नाव कंपनीचे! शेवटी त्यांना ‘द जॅक्सन्स’ म्हणून उभे राहावे लागले. आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यामागे ज्यांचे वादन होते, त्या ‘फंक ब्रदर्स’ वादकांची नावे आवरणावर यायला मार्विन गे यांची 1971 सालची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही ध्वनिमुद्रिका उजाडावी लागली.

यावर ठरलेले उत्तर येते: छोट्या कंपनीला दोन वेगळी दुकाने परवडत नाहीत, व्यवस्थापन आणि ध्वनिमुद्रण अलग केले तर नवा गायक उभाच राहणार नाही. या युक्तिवादाचे खंडन मोटाउनच्याच घरात सापडते. स्टीव्ही वंडर वयाच्या अकराव्या वर्षी तेथे आले. 1971 साली एकवीस पूर्ण होताच अज्ञानपणी झालेल्या करारातून ते मोकळे झाले. त्यांनी स्वतःचा वकील नेमला, आणि स्वतःच्या गीतांचे प्रकाशनहक्क, वाढीव स्वामित्वधन व ध्वनिमुद्रणावरील नियंत्रण मिळवूनच नवा करार केला. कुठे? मोटाउनमध्येच. त्यानंतरच्या पाच वर्षांत ‘टॉकिंग बुक’, ‘इनरव्हिजन्स’, ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ या ध्वनिमुद्रिका झाल्या. त्यांतून कंपनीचेही उखळ पांढरे झाले. कलावंताच्या बाजूने बोलणारा, कंपनीच्या पगारावर नसलेला एक माणूस टेबलाशी बसला म्हणून घर मोडले नाही. उलट त्या घरातील सर्वांत चांगले काम त्यानंतर घडले.

पुढे 1988 मध्ये गॉर्डींनी मोटाउन 6 कोटी 10 लाख डॉलरना विकली. विकण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, कारण मालक तेच होते. मात्र ज्या संस्थेला तीस वर्षे कुटुंब म्हटले गेले, तिची वाटणी झाली नाही, विक्री झाली. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावाला निदान हिस्सा मागण्याचा हक्क तरी असतो.

आज आपल्याकडेही गायक, वादक, रॅप करणारी पोरे विशीतच अशा दुहेरी कंपन्यांच्या करारांवर सह्या करतात. त्यांना कोणी मोठ्या कंपनीची भीती घालतो, कोणी घरोब्याचे आमिष दाखवतो. समीक्षकांनी या घरोब्याचे गोडवे गाण्याआधी एवढेच विचारावे: करार वाचताना या मुलाच्या बाजूला कोण बसले होते, आणि त्याचे पैसे कोण देत होते? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘कंपनी’ हेच असेल, तर तिच्याबद्दल लिहिताना ‘स्वतंत्र’ हा शब्द कृपा करून वापरू नये.