धुराचा हिशेब कोण मांडणार?

फेब्रुवारी ते मे या काळात सातपुड्यात वणवे लागतात. सागाचा पाला वाळलेला असतो, एक ठिणगी पुरते. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, हे आम्ही नाकारत नाही. पण सारा दोष तडवी-पावरांच्या माथी मारून मोकळं व्हायचं? तडवी आपले दीनी भाऊ, पावरा आपले शेजारी. तो धूर सर्वांत आधी त्यांच्याच छातीत जातो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. दमेकरी, म्हातारे, गरोदर बाया आणि तान्ही मुलं यांना त्याचा सर्वाधिक त्रास.

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक विचारतो: २००४ पासून उपग्रहामुळे वनखात्याला वणव्याची खबर मिळते, जळालेलं रान हेक्टरात मोजतात, मग माणसांचं काय? २०१९चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. त्यात जळगाव आहे. यावल, रावेर, शिरपूरचे पाडे नाहीत. ती माणसं श्वास घेत नाहीत काय?

वणव्याच्या महिन्यांत पालसारख्या गावी हवा मोजणारी यंत्रं बसवा. आरोग्य केंद्रांत धुराने आजारी पडलेल्यांची वेगळी नोंद ठेवा. नोंदच नसेल, तर औषध तरी कशाच्या आधारावर मागायचं?