तेलाचे जोखड आणि शेवटचा खांब

परकीय राजवट गेली म्हणजे पारतंत्र्य संपले, अशी समजूत करून घेऊन स्वस्थ बसणे फार सोपे असते. परंतु ज्या देशाच्या रस्त्यांवरील बहुतेक वाहने परक्यांच्या विहिरींतून उपसलेल्या तेलावर धावतात, त्या देशाच्या मानेवरचे जोखड सर्वस्वी उतरले, असे म्हणण्यास कोण धजेल? २०२४-२५ साली आपल्या देशास लागलेल्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल बाहेरून आणावे लागले आणि त्यापायी १३ हजार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम परदेशांच्या पदरात पडली.

हे जोखड किती काचते, याचा अनुभव देशाने पुन्हा पुन्हा घेतला आहे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरात गेला. १९९०-९१ साली आखातात युद्ध पेटले आणि आधीच रोडावलेली आपली परकीय गंगाजळी इतकी आटली की, १९९१ साली रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपान येथील बँकांकडे तारण ठेवण्याची नामुष्की देशावर आली. जून २०२५ मध्ये इस्रायल व इराण यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा जगाला लागणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा जिच्यातून जात असे, ती होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी बंद पडते की काय, या धास्तीने जग हादरले. आणि आपली शिदोरी किती? विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथील भूमिगत गुहांत मिळून ५३ लाख टन तेल साठवण्याची सोय आहे. तेल कंपन्यांचे साठे वेगळे धरले, तर या गुहा काठोकाठ भरूनही देशाची गरज जेमतेम साडेनऊ दिवस भागेल! आपल्या बिदर जिल्ह्यातील ऊसकऱ्याच्या उसापासूनही इथेनॉल होते, पेट्रोलात ते २० टक्के मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला, याचा आम्हांस आनंदच आहे. पण उरलेल्या ८० टक्क्यांचे काय?

म्हणूनच विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या धोरणाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. २०१५ साली केंद्राने ‘फेम’ योजना आणली. २०१७ साली असे धोरण जाहीर करणारे पहिले राज्य होण्याचा मान कर्नाटकाने मिळवला. १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना सुरू झाली आणि २०२५ साली महाराष्ट्रानेही आपले नवे धोरण आणले. शंकेखोर विचारतात, वीज तरी कोळसा जाळूनच होते ना? होय, बव्हंशी तशीच होते आणि रायचूरच्या चिमण्यांचा धूर आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु २०२४-२५ साली देशातील खाणींतून १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. तो मुख्यतः आपल्या भूमीतला आहे, कोणा अमीर-उमरावाच्या मर्जीवर अवलंबून नाही. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची बहुतेक शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटारीत ८० टक्क्यांहून अधिक शक्ती कामी येते. आणि पावगडच्या २,०५० मेगावॉटच्या सौर उद्यानावर पडणाऱ्या उन्हाला कोणत्याही सामुद्रधुनीतून यावे लागत नाही.

तथापि एक जोखड उतरवून दुसरे चढवण्याचा धोका आहे, हेही आम्ही बजावून सांगतो. बॅटरीला लागणाऱ्या खनिजांचे शुद्धीकरण आणि बॅटरीचे घट तयार करणे, हे दोन्ही धंदे आज प्रामुख्याने चीनच्या मुठीत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटारींना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले, त्याची झळ पुण्याच्या वाहन कारखानदारीलाही लागली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, ती कागदावर राहता कामा नये.

परंतु आमचे खरे भांडण याच्याही पुढचे आहे. ही विजेची गाडी निघाली आहे कोणाच्या दारी जाण्यासाठी?

२०२३ साली केंद्राने १० हजार विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली, ती मुख्यतः ३ लाखांवरील वस्तीच्या शहरांसाठी. ‘पीएम ई-ड्राइव्ह’मधील १४,०२८ बसगाड्या राखून ठेवल्या, त्या ४० लाखांवरील वस्तीच्या नऊ महानगरांसाठी, त्यांपैकी एकट्या बंगळूरच्या वाट्याला साडेचार हजार आल्या. २०११ च्या शिरगणतीत बिदर शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या आत होती. जिल्ह्याचे ठाणेच जेथे या चाळणीतून खाली गळून पडते, तेथे हुलसूर, भालकी, औराद, आळंद यांना कोण विचारतो? महानगरांतील हवा शुद्ध व्हावी, हे आम्हांसही मान्य आहे. पण तेलाचे जोखड काय फक्त महानगरांच्या मानेवर आहे?

गोरगरिबाच्या दुचाकीची कथा याहून वेगळी नाही. २०२४-२५ साली देशात खपलेल्या विजेच्या वाहनांपैकी दहांतील नऊहून अधिक वाहने दुचाकी व तीनचाकी होती. म्हणजे ही क्रांती आलिशान मोटारवाल्याने नव्हे, तर कष्टकऱ्याने आपल्या खांद्यावर घेतली. त्याला बक्षीस काय मिळाले? दुचाकीच्या बॅटरीवर दर किलोवॅट-तासामागे १५ हजार रुपये मिळत, ते जून २०२३ मध्ये १० हजार झाले, एप्रिल २०२४ मध्ये ५ हजार आणि एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजार!

वाचकांनी स्वतःच हिशेब मांडून पाहावा. हुलसूरहून भालकीला किंवा बसवकल्याणला कामासाठी जाणारा आमचा बांधव दिवसाकाठी ५० किलोमीटर गाडी चालवतो असे धरू. शंभर रुपयांच्या पुढे गेलेले लिटरभर पेट्रोल त्यास लागते. तेवढ्याच वाटेला विजेचे दोन युनिट पुरतात. त्यांची किंमत वीस रुपयांच्या आत-बाहेर. दिवसाला ८० रुपये वाचले, तर ३०० दिवसांत २४ हजार रुपये होतात. एवढ्या पैशांत मुलाच्या शिक्षणाची वर्षभराची सोय होईल. मग तो विजेची गाडी का घेत नाही? एक तर ती घेताना हातात रोकड लागते आणि दुसरे म्हणजे, शेवटच्या खांबावरील विजेचा त्यास भरवसा वाटत नाही. जेथे शेतपंपाला थ्री-फेज वीज दिवसाचे सात तास देण्याचेच धोरण आहे आणि संध्याकाळी दिवा मिणमिणतो, तेथे रोजीरोटीचे वाहन विजेच्या स्वाधीन करण्याची छाती कोणाला होईल?

त्यात सीमेचा जाच. गाडीला सवलत मिळते ती तिच्या पाटीवरील राज्याप्रमाणे आणि धोरण आखले जाते ते राज्याच्या शेवटच्या रेघेपर्यंत. पण आमची सोयरीक, आमचा बाजार, आमचा दवाखाना त्या रेघेच्या दोन्ही अंगांस आहे. बॅटरीला नकाशावरची रेघ कळत नाही. तिला कळते ते अंतर.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, सीमाभागातील प्रत्येक तालुक्याच्या वीजवाहिन्या व रोहित्रे आधी सुधारा. चार्जिंगचा विचार त्यानंतर. दुसरी, सार्वजनिक चार्जिंगसाठी ठेवलेल्या २ हजार कोटींतून व ७२,३०० केंद्रांतून तालुक्याच्या बसस्थानकांना हक्काचा वाटा द्या आणि त्या स्थानकांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसवा. तिसरी, दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांनी आंतरराज्य करारात बिदर-उदगीर, आळंद-उमरगा अशा जवळच्या मार्गांवर विजेच्या बसगाड्या घालाव्यात आणि एकमेकांची चार्जिंग केंद्रे परस्परांस खुली करावीत. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची ‘शिवाई’ धावली. तेव्हा लांबच्या वाटेवर हे जमत नाही, ही सबब आता चालणार नाही. चौथी, आर्थिक साहाय्य पोट भरणाऱ्या वाहनास आधी, हौसेच्या मोटारीस नंतर.

ही निवेदने मराठीतून द्या, कानडीतूनही द्या. आमचा कानडी शेजारी त्याच मिणमिणत्या खांबाखाली बसला आहे आणि खांबाला भाषा नसते. प्रत्येक गावाने ठराव करावा, सह्या गोळा कराव्यात, आमदार-खासदारांच्या दारी जाऊन उत्तर मागावे.

१५ ऑगस्ट १९४७ चे स्वातंत्र्य या निजामी मुलखाच्या दारी १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे तेरा महिन्यांनी पोचले आणि तेही झगडल्यावाचून नाही. तेलाच्या गुलामीतून मुक्त होण्याची ही दुसरी पहाट तरी आमच्याकडे उशिराने येऊ नये. देशाची सुरक्षितता किती बळकट झाली, हे दिल्लीतील आकड्यांवरून ठरणार नाही. हुलसूरच्या शेवटच्या खांबावर रात्री गाडी लावावी आणि सकाळी ती भरलेली मिळावी, त्या दिवशी आम्ही म्हणू की जोखड उतरू लागले.