बेडकांचीं नांवें व आपला कारभार

विद्यार्थी पुष्कळदां विचारतात कीं, शास्त्रज्ञ प्राण्यांचीं नांवें वरचेवर कां बदलतात? आज पाठ केलें तें उद्यां चूक ठरावयाचें, तर पाठ करावेंच कशास? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर सह्याद्रींतील एका लहानशा भेकाच्या चरित्रांत सांपडतें.

कोयनेच्या शिवाजीसागराजवळील ह्या भेकाचें वर्णन सोमन ह्यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलें व त्यास 'बुफो' ह्या वंशांत स्थान दिलें. त्या काळीं जगांतील शेंकडों भेक ह्याच एका वंशांत गणले जात. पुढें २००९ सालीं बिजू, गिरी व त्यांचे परदेशी सहकारी ह्यांनीं आंबोलीची एक नवी जाति उजेडांत आणिली. शरीररचना व जनुकें ताडून पाहतां कोयनेचा भेक तिचा सख्खा भाऊ ठरला. तेव्हां दोघांकरितां 'झँथोफ्रायनी', म्हणजे 'पिवळा भेक', हा नवा वंश स्थापिला गेला. आपल्या चिंचवडास पावसाळ्यांत दिव्याखालीं किडे टिपणारा साधा भेकहि पूर्वीं बुफोच होता. २००६ पासून डॉ. सुशीलकुमार दत्त ह्यांच्या सन्मानार्थ त्याचा वंश 'दत्ताफ्रायनस' झाला.

ह्यांत प्राणी बदलला नाहीं. आपलें अज्ञान तेवढें कमी झालें. शिवाय दुरुस्ती करितांना पूर्वसूरींस विसरत नाहींत. वंश बदलला तरी कोयनेवरून दिलेलें जातिनाम कायम आहे, आणि त्यापुढें कंसांत 'सोमन, १९६३' असें आजहि लिहितात. चूक सुधारावी, पण कृतज्ञता सोडूं नये, हा धडा केवळ प्राणिशास्त्राचा नव्हे.

तथापि नांव देऊन काम संपत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदामानें पशुपक्ष्यांस नांवें दिलीं. पण त्याच बागेची राखणहि त्याच्याकडे होती. आंबोलीचा भेक आंबोलीच्या परिसरांतच काय तो आढळतो, व त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली आहे. पहिल्या सरींबरोबर तो प्रजननार्थ बाहेर पडतो आणि रस्त्यावर चिरडला जातो. त्याच रस्त्यानें आपण धबधबा पाहावयास जातों, आणि मोटारी तर आपल्या चाकणासच तयार होतात. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, पावसाच्या त्या आरंभींच्या रात्रीं तेथील वाहतूक रोखावी, निदान मंद तरी करावी. आणि आपल्या घरच्या सहलीपासूनच त्यास आरंभ व्हावा.

मुलांनो, नांवें अवश्य पाठ करा. पण ज्याचें नांव पाठ केलें, तो जगेल असें वागा.