धनेशाच्या घरी जाताना

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घराघरांतून गावी जायचे बेत सुरू होतात. यंदा मसुऱ्याकडे जाणार असाल, तर सामानात एक दुर्बीण अवश्य टाका. मालवण तालुक्यातले हे गाव आपल्याला ठाऊक असते ते आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे. पण गड नदी, तिची कालावलची खाडी, माडांच्या बागा नि भरतगडाची झाडी, हे सारे पाखरांचे जणू माहेरच!

खाडीवर जायचे तर ओहोटीची वेळ साधा. पाणी ओसरले की चिखलात बगळे चरताना दिसतात, काठावरच्या फांदीवर खंड्या टपून असतो आणि डोक्यावर पांढऱ्या डोक्याची, तांबूस अंगाची ब्राह्मणी घार घिरट्या घालते. परदेशी पाणपाखरे पाहायची असतील, तर मात्र थंडीतच यायला हवे.

उन्हाळ्याचा मान धनेशाचा. मोठी, बाकदार चोच असलेल्या या पक्ष्याला कोकणात काही ठिकाणी गरुडही म्हणतात. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, चिखल लिंपून ढोलीचे तोंड आतून बुजवून घेते. उरते ती फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. आत तिची पिसेही झडतात, म्हणजे उडायची सोय नाही. आठवडेच्या आठवडे नर वड-उंबराची फळे आणून त्या फटीतून तिला नि पुढे पिल्लांना भरवतो. बाळंतिणीची सारी भिस्त त्या एकट्यावर!

आता सांगा, अशा झाडाखाली आपण मुलाबाळांसह गलका करीत कॅमेरा रोखून बसलो तर? नर फळ घेऊन येतो, माणसे पाहतो आणि दूरच्या फांदीवर बसून राहतो. आपला फोटो चांगला येईपर्यंत आतली सगळी उपाशी. माझ्या चुलत सासूबाई मसुऱ्याच्याच. त्यांचे म्हणणे अगदी सरळ आहे : "थंय जाव नको गो, तुका बघून तो खावक घेवन येवचो नाय." कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांची अंडी-घरटी विस्कटणे शिकारीतच धरले आहे. छायाचित्रांच्या कित्येक स्पर्धांमध्ये घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा की! पण फळांनी लगडलेला वड नाहीतर उंबर शोधा आणि दूर, आडोशाला बसा. धनेश तिथे आपणहून येतात. सकाळी लवकर जा, ऊन पाठीशी ठेवा, फ्लॅश बंद करा. मोबाईलवर पाखरांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत ती उगाच बिथरतात. साडी वा ड्रेस मातकट रंगाचा असावा आणि तेवढ्या वेळापुरत्या काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. मोठी लेन्स नसली तरी अडत नाही. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल अलगद टेकवला की बऱ्यापैकी चित्र येते. कोकणातली हवा दमट, म्हणून औषधाच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेऱ्याशेजारी घाला.

मुलांच्या हाती एक वही द्या. पक्षी, वेळ, झाड, काय खात होता, एवढे टिपले तरी पुष्कळ. नाव अडले तर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' पाहावा.

आणि एक काम आपल्यासारख्या सासुरवाशिणींचे. वाडीतले जुने, पोकळ झालेले झाड "आता काय कामाचे?" म्हणून तोडायचा विषय निघाला, तर ओटीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढे गोडीने बोला. धनेशाला ढोली कोरता येत नाही; आयती मिळाली तरच त्याचा संसार उभा राहतो. असे एक झाड राखलेत, तर पुढल्या उन्हाळ्यात मुलांना पाहायला धनेश असेल.