घसारा : वर्षांचा की फेऱ्यांचा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सायलेन्सरवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण मोरजीला आमच्या अंगणात दोन मोटारसायकली उभ्या असतात. एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या. काका आपली गाडी रोज एकदा पणजीला नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. माझे बाबा पायलट आहेत. (बेळगावकडच्या मित्रांसाठी सांगतो : गोव्यात भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. विमानाकडे पुढे येणारच आहे.) मोरजाईच्या देवळापासून टेंबवाड्यापर्यंत भाडे, मग स्टँडवर थांबणे, मग पुन्हा भाडे. काकांच्या गाडीचे किलोमीटर जास्त. सायलेन्सर मात्र बाबांचा सडला.

असे का व्हावे? सायलेन्सरच्या पोलादावर चकाकणारा क्रोमचा मुलामा असतो. तापल्यावर पोलाद जेवढे फुगते, त्याच्या साधारण निम्मेच क्रोम फुगते. दर फेरीला ही ओढाताण होते. मुलाम्यात मुळातच असलेल्या केसाएवढ्या भेगा रुंदावतात, खारी दमट हवा आत शिरते, खाली गंज धरतो आणि पापुद्रे सुटू लागतात. शिवाय छोट्या फेरीत नळी पुरती तापत नाही; आत जमलेले पाणी सुकत नाही, म्हणून ती आतूनही कुजते.

आता दुसरे पायलट. 5 जानेवारी 2023 पासून आमच्याच पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली. जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असू शकतो. पाती टिकतात ती आतून खेळवलेल्या हवेमुळे आणि वरच्या झिर्कोनियाच्या लेपामुळे. हा लेप मिलिमीटरचा अंशभर जाड. त्याच्याखाली उष्णतेने ॲल्युमिनाचा एक थर हळूहळू वाढतो. इंजिन निवले की धातू जास्त आकसतो, हा थर कमी. ताण साचत जातो आणि एके दिवशी लेपाचा टवका उडतो. म्हणजे किती तास तापले आणि कितीदा निवले, दोन्ही मोजायला हवे. विमानाच्या नोंदवहीत तास आणि फेरे वेगवेगळे लिहितात, ते उगीच नव्हे.

आणि आम्ही वर्गात काय शिकतो? 2013 च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मोटारसायकलचे आयुष्य 10 वर्षे, विमानाचे 20. मोठ्या किमतीच्या भागाचे आयुष्य निराळे असेल तर ते स्वतंत्र धरावे, असेही त्याच अनुसूचीत आहे. पण वापरलेल्या एककांवर घसारा काढण्याच्या पद्धतीला आमच्या टिपणांत जेमतेम एक परिच्छेद मिळतो. परीक्षेला येत नाही म्हणून तोही आम्ही गाळतो. मराठीत घसारा, कन्नडमध्ये सवकळी; दोन्ही शब्दांत झिजणे आहे, वर्ष कुठेच नाही. माझे स्पष्ट मत आहे, की या पद्धतीवर दरवर्षी एक उदाहरण सक्तीचे असावे.

सुट्टीत मी बाबांच्या वहीत फेऱ्यांचा एक रकाना आखून दिला. पहिल्या दिवशी बावीस फेऱ्या भरल्या. नव्या सायलेन्सरची किंमत त्यांत कशी वाटायची ते मी समजावू लागलो, तेव्हा बाबांनी विचारले, “म्हणजे जवळचे भाडे घेऊच नको की काय?” त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण आता जवळच्या फेरीलाही ते पाच रुपये जास्त सांगतात.