होडीत नुसती डोकी मोजू नका!

जुगाडाला आपला विरोध नाही, राव. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तोच मुळी हातानं करत शिकण्यासाठी. पण केलेलं तपासायचं कोणी? होडीला इंजिन बसवलं, वर छप्पर टाकलं, की वजन वाढतं, तोल बिघडतो. प्रवाशांचा आकडा मात्र जुनाच! आम्ही कोडची एक ओळ बदलली तरी पुन्हा टेस्टिंग करतो.

बरं, नुसता आकडा पाळूनही भागत नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली. बोटीत सातच जण, त्यातले सहा गेले. म्हणून बदल केला की तपासणी, वारा सुटला की फेरी बंद, आणि जॅकेट अंगावर, फळीखाली नव्हे. 'आपल्याकडे चालतं हो' म्हणणाऱ्यांनी हे कुगावात जाऊन म्हणून दाखवावं.